मिशीला साबण

दाढी वस्तऱ्यानं हुती असं ज्याला वाटतंय, त्यानं माझ्या दुकानात येऊच नये. दाढी पाण्यानं हुती. वस्तरा काय, शेवटाला येतो आणि नाव खाऊन जातो. आताची पोरं बघा, फवाऱ्यानं दोन पिचकाऱ्या मारत्यात, डब्यातला फेस फासत्यात आणि लागली खरवडायला. मग गिऱ्हाईक घरला जाऊन गालाला बर्फ लावत बसतंय. मी गणपती संकपाळ. गंगावेशीत चाळीस वर्सं दुकान हाय माझं. माझ्या खुर्चीत दाढी म्हंजे पंचवीस मिंटं, आणि त्यातली अठरा मिंटं निस्ती तयारी. ज्याला घाई आसंल त्यानं फुडच्या चौकात जावं, असं मी तोंडावर सांगतो. माझं त्वांड वाईट हाय ही सगळ्या पेठंला म्हाईत हाय.

आणखी एक म्हाईत हाय. मिशी. आमच्यात बाप जित्ता आसल्यावर पोरगा मिशी काढत न्हाई. बाप गेला की मगच वस्तरा मिशीवर चढतो, तोवर न्हाई. आता कोण पाळत न्हाई म्हणा. कालेजातली पोरं येत्यात, सगळं साफ करा म्हणत्यात. मी वस्तरा खाली ठिवतो आणि विचारतो, वडील हायत न्हवं? हायत म्हणला की मी टावेल झटकतो आणि उठवतो त्याला. किती गिऱ्हाईकं गेली आसतील ह्या हट्टापायी. बायकू म्हणती, तुमच्या डोक्यात कायतरी हाय. आसंल. पर चाळीस वर्सांत बाप आसलेल्या एकाबी पोराची मिशी ह्या हातानं काढल्याली न्हाई.

आणि गेल्या सर्वपित्री आमुश्येला सकाळी नऊ वाजता मी ऋतुराज चौगलेला त्याच खुर्चीत बसवला, दाढी-मिशी काढायला. त्येचा बाप जित्ता हाय ही मला पक्कं ठावं हुतं. आख्ख्या कोल्हापुरात मला एकट्याला ठावं हाय, असं मी धरून चाललोतो.

त्येचा बाप म्हंजे पिराजी. माझा दोस्त. एका गल्लीत वाढलो, एका ताटात जेवलो. बारा वर्सांमागं एक दीस जयसिंगपूरला जाऊन येतो म्हणून घरातनं निघाला आणि आलाच न्हाई. दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या पुलावर त्येची मोटरसायकल घावली, शेजारी चपला. तीन दीस नदी ढवळली. मी सोता काठाकाठानं पार फुडच्या गावांपतूर हुडकत गेलतो, रडत. मढं काय घावलं न्हाई. ऋतुराज तवा चौदा वर्सांचा हुता. त्येची आई, आक्काताई, तवापासनं ना सवाष्ण ना विधवा. कुंकू लावायची, पर कुणाच्या हळदीकुंकवाला गेली तर बायका एकमेकींकडं बघायच्या, मग तिनं जायचंच बंद केलं. पोराला शिवणकामावर शिकवलं, कामाला लावलं. बाई वाघीण हाय.

आणि पाच वर्सांमागं मी एका लग्नाला गगनबावड्याला गेलतो. येताना धुकं म्हणून एका हाटेलापाशी च्याला थांबलो. आत कढईम्होरं पाठमोरा एक गडी भजी तळत हुता. मान बघितली आणि माझ्या हातातनं कप पडला. ज्येची दाढी वीस वर्सं केली त्येची मान मी चुकंन व्हय?

पिराजीच हुता. त्यानं मला मागच्या खोलीत वडत नेलं. तितं मोना म्हणून एक बाई हुती, घाटाखालची, आणि एक बारकी पोरगी हातरुणात निजलेली. पिराजी म्हणाला, तिकडं मी म्येलोय, तसंच ऱ्हाऊ दे. मी त्येला एक तास शिव्या घातल्या. आईबापावरनं घातल्या, थोबाडीत बी दिली एक. त्यानं सगळं खाल्लं. मग त्यानं माझी धोपटी फुडं घेतली, माझ्या बापाच्या वक्ताची हत्यारांची पिशवी ती, कुठंबी जायचं तर संगं असतीच. म्हणला, ह्याच्यावर हात ठेव आणि सांग कुणाला बोलणार न्हाई. आणि मी ठिवला. वर गाढवागत त्येची दाढी बी केली. त्येच्या हनवटीखाली केसं चारी बाजूनं फिरलेली, दुसऱ्या कुणी हात लावला की रगात निघायचंच. तवापासनं वरसातनं दोनदा मी गगनबावड्याला जायचो. घरात सांगायचो, देवाला चाललोय.

सांगायला पायजे हुतं. पैल्याच दिवशी. पर त्या दिवशी शपथ आडवी आली, दुसऱ्या दिवशी वाटलं आक्काताई इचारंल काल का न्हाई सांगितलं, आणि मग सा महिनं झाल्यावर तर त्वांडच उघडंना. आक्काताई दर दिवाळीला मला फराळ द्यायची. भावजी म्हणायची. मी चकली मोडायचो आणि खाली बघायचो. लाज वाटायची मला, लई लाज वाटायची, पर लाजंनं कुणाचं त्वांड उघडत न्हाई, उलट शिवलं जातंय.

आमुश्येच्या आठ दीस आदी ती दुकानाच्या पायरीवर आली आणि म्हणाली की बारा वर्सं भरली, भटजीला इचारलंय, आता क्रिया करून टाकायची. मढं न्हाई म्हणल्यावर पळसाच्या पानांचं माणूस करत्यात, त्येला घाटावर अग्नी द्यायचा, आणि मग ल्योकानं नदीत पाणी सोडायचं. ऋतूची दाढी-मिशी काढायला पायजे. मी पटकन म्हणलं, घाटावर गार पाण्यानं खरवडत्यात, पोराची कातडी जाईल, त्यापेक्षा सकाळी माझ्याकडं लावून द्या. तिला वाटलं मायेनं म्हणतोय. मला पोरगं एकटं पायजे हुतं. आमुश्येला दाढीला दुसरं कोण येत न्हाई, दुकान रिकामं, त्येला बसवीन आणि सांगीन. बाप जित्ता हाय, क्रिया करू नगोस. येवढंच. दोन वाक्यं.

पर पोरगं एकटं आलं न्हाई. आक्काताई संगं आली. आणि कशी आली बघा. हिरवी साडी, हातभर हिरवा चुडा, कपाळाला मोठ्ठं कुंकू, आंबाड्यावर गजरा. म्हणाली, आज दुपारनंतर घालायचं न्हाई, तर म्हणलं एकदा सगळं घालून घ्यावं. हसली बी थोडी. आणि दाराभाईरच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. दार उघडं. तिच्यात आणि खुर्चीत सात-आठ हाताचं अंतर. भटजीनं धाला बोलावलंतं.

ऋतू खुर्चीत बसला. सव्वीस वर्सांचा गडी, तीन महिनं वाढवलेली दाट काळी दाढी. मी गळ्याभवती कापड बांधलं. आदी कात्रीनं दाढी उतरवायला घेतली, कारण लांब केसाला पाणी मुरत न्हाई. कात्रीचा आवाज हुतोय, त्यात बोलावं असं मी ठरवलंतं. कात्री चालली, केसं मांडीवर पडली, उजवा गाल झाला, डावा झाला. आरशात बघितलं तर पोरगं सरळ माझ्याकडं बघत हुतं, पापणी न हलवता. मी नजर काढली आणि पाणी तापवायला ठिवलं.

मग गरम पाण्यानं त्वांड धुतलं. बोटांच्या शेंड्यांनी केसं उलटी-सुलटी चोळली. हितं खरं काम असतंय. कुठली केसं कुठं वळल्यात ही बोटाला कळायला पायजे, न्हाईतर वस्तरा आंधळा. त्येच्या हनवटीखाली माझं बोट गेलं आणि थांबलं. चारी बाजूनं फिरलेली. बापाचीच. माझ्या बोटाला पुन्यांदा गगनबावडा लागला, आणि वाटलं आता बोलावं, आत्ताच. तेवढ्यात भाईरनं आक्काताईनं हाक दिली, पाणी लई कढत घेऊ नगा म्हणून. मी व्हय म्हणलं.

टावेल. ह्याच्यावर माझी सगळी मदार हुती. गरम पाण्यात टावेल बुडवायचा, पिळायचा, आणि नाकाचं टोक सोडून सगळ्या तोंडावर गुंडाळायचा. चार मिंटं. डोळं झाकल्यालं असत्यात. डोळं झाकलेल्या माणसाला सांगणं सोपं असतंय, मला वाटलंतं. मी टावेल घातला, त्येच्या कानाशी वाकलो आणि त्येच्या मानंवरची शीर उडताना बघितली. लई जोरात उडत हुती. मला वाटलं पोरगं बापासाठी रडायला आलंय. त्येच्या ह्या दुखात मी काय सांगू? तुझा बाप भजी तळतोय? पैला टावेल गार झाला. मी दुसरा घातला. माझ्या जलमात एका दाढीला दोन टावेल घातलं न्हाईत. दुसरा बी गार झाला.

भाईरनं आक्काताईनं इचारलं, झालं का. साडेनऊ वाजलंतं.

मी वाटीत साबण घेतला आणि ब्रश फिरवाय लागलो. फिरवत ऱ्हायलो. फेस वाटीभाईर यायला लागला तरी फिरवतोय. मग लावायला घेतला. खालनं वर, गोल, दाबून, केसाच्या मुळात साबण गेला पायजे. गाल झालं, हनवटी झाली, गळा झाला. मिशीभवतीनं मी ब्रश फिरवून घेतला, कडंकडंनं, अशी की मिशीला फेसाचा थेंब लागला न्हाई. काळी, जाड, कधी न काढल्याली मिशी. पांढऱ्या फेसात ती एकटीच ऱ्हायली. मी ब्रश खाली ठिवला. साबणाचं काम संपलंतं, आणि पोरगं काय बोलतंय का बघत मी उभा ऱ्हायलो.

"मिशीला बी लावा, काका," ऋतू म्हणाला.

मी ब्रश उचलला न्हाई. दाराकडं बघितलं, आक्काताई रस्त्याकडं त्वांड करून बसलीती. मी वाकलो आणि एकदाचा बोललो. आवाज माझा मलाच वळखू आला न्हाई. "ऋतू, मिशी काढू नगोस. तुझा बाप—"

"हळू बोला. आई भाईर हाय," पोरगं म्हणालं. "मला म्हाईत हाय."

मी खुर्चीच्या दांड्याला धरलं. त्यानं व्हट हलतील न हलतील असं सगळं सांगितलं, आरशात माझ्याकडं बघत. तीन महिन्यामागं दोस्तांबरूबर गगनबावड्याला गेलता. च्याला थांबला. भिंतीला माझ्या दुकानाचं क्यालेंडर टांगलेलं दिसलं, गणपती केशकर्तनालय, गंगावेस. मी दर वर्सी नेऊन देत हुतो, मी, ह्या हातानं. त्येला नवल वाटलं, आमच्या गणपाकाकाचं क्यालेंडर हितं कसं म्हणून त्यानं आत डोकावून बघितलं. आणि कढईम्होरं बाप हुता.

चौदा वर्साचं पोरगं आता सव्वीसचं झालंय, बापानं वळखलं नसंल, मी म्हणालो. मला कायतरी म्हणायचं हुतं.

"मी नाव सांगितलं की," ऋतू म्हणाला. "सगळं नाव सांगितलं. ऋतुराज पिराजी चौगले. त्यानं झारा खाली ठिवला. माझ्याकडं बघितलं. मग म्हणला, पावणं, मागं गाड्या थांबल्यात, तुमची गाडी जरा फुडं घ्या."

पावणं. मी दिवसातनं शंभरदा म्हणतो हा शब्द, रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला. बापानं पोटच्या पोराला म्हणला. तितं आसता तर मी त्येला त्याच कढईत घातला असता, दोस्त बिस्त गेला खड्ड्यात.

ऋतूनं मग मला सोडलं न्हाई. म्हणला, तवापासनं दाढी वाढवत हुतो, तुमच्याकडं यायला नगो म्हणून. आज आलो, आणि बसल्यापासनं बघतोय तुमी बोलताय का न्हाई. कात्रीला बोलशिला वाटलं. टावेल घातलासा तवा तर वाटलं आता बोलणार. दोन टावेल घातलासा काका. पाच वर्सांमागं बोलला आसता तर मी जाऊन पाय धरलं आसतं त्येचं. एकवीस वर्सांचा हुतो मी. तवा मला बाप पायजे हुता.

डोळ्यात पाणी आलं ते खांद्यानं पुसलं, कारण हाताला साबण हुता. मग इचारलं, आक्काताईला म्हाईत हाय का.

न्हाई, म्हणला. आणि सांगायचं बी न्हाई. म्येलेला नवरा तिला पेलंल, बारा वर्सं पेललाय. भजी तळणारा पेलायचा न्हाई. ती क्रिया झाली की मोकळी हुतीया, हळदीकुंकू नसलं तर नसलं, निदान ही आधांतरी लटकणं तरी संपतंय. "तुमी गप ऱ्हायाला तरबेज हाईसा. आजून एक दीस गप ऱ्हावा. लावा साबण."

मी लावला. काय करणार? ब्रश मिशीवर टेकवला, आणि ती काळी मिशी हळूहळू पांढरी झाली. आता सगळं त्वांड सारखं पांढरं झालं. मी नवं पातं मधी मोडून अर्धं वस्तऱ्यात घातलं. डाव्या हातानं त्येचा वरचा व्हट ताणला, वस्तरा नाकाखाली टेकवला. चाळीस वर्सांत माझा हात हालला न्हाई, तवा बी हालला न्हाई, ही सांगताना मला अभिमान वाटत न्हाई.

तेवढ्यात आक्काताई दारात येऊन उभी ऱ्हायली. आत आली न्हाई, उंबऱ्यावरच. हात चुड्यावर, बांगड्या एकेक फिरवत हुती.

"भावजी," ती म्हणाली, "एक इचारू? तुमी त्येंचं दोस्त. तुमाला काय वाटतंय, आमी घाई तर करत न्हाई न्हवं? उद्या ह्येनी कुठनं आलंच, तर मी जित्त्या माणसाला जाळलं असं हुईल."

ऋतूची बोटं खुर्चीच्या दांड्यावर पांढरी पडली. वस्तरा मिशीला टेकलेला. आरशात पोराचं डोळं माझ्याकडं, दारात तिचं डोळं माझ्याकडं. न्हाई वैनी, घाई कसली, येवढं म्हणायचं हुतं. सोपं हुतं. आणि मला एकदम कळलं की पाच वर्सं मी पिराजीसाठी गप ऱ्हायलो, आता ऋतूसाठी गप ऱ्हाणार, आणि ज्या बाईचा नवरा, ज्या बाईचं कुंकू, तिला आमी गडी माणसं एकमेकांच्या कानात बोलून काय पेलंल काय न्हाई ठरवतोय. आधी पिराजीनं ठरवलं, मग मी, आता ह्या पोरानं. मला सोताचा येवढा राग आला की वस्तरा धरवंना.

मी वस्तरा मिटला आणि खाली ठिवला. ऋतू म्हणाला, काका. निस्तं काका. मी थांबलो न्हाई. दारात गेलो आणि तिच्याम्होरं उभं राहून सगळं सांगितलं. गगनबावडा, हाटेल, मोना, बारकी पोरगी, शपथ. पाच वर्सं म्हाईत हाय ही बी सांगितलं. क्यालेंडरचं सांगितलं. पिराजी ऋतूला काय म्हणला तेवढं मातर माझ्या तोंडातनं आलं न्हाई, ती ऋतूनंच मागनं सांगितलं, खुर्चीत बसल्या जागी, फेसाच्या तोंडानं.

आक्काताई रडली न्हाई. बांगड्या फिरवायची थांबली.

"बरा हाय का?" तिनं इचारलं.

मी म्हणलं, हाय.

"त्येची दाढी कोण करतंय? हनवटीखाली दुसऱ्याचा हात चालत न्हाई त्येला."

मला खोटं बोलता आलं आसतं. मी म्हणलं, मी करतो. वरसातनं दोनदा.

ह्या एका गोष्टीनं ती हालली. बाकीचं सगळं तिनं उभ्या उभ्या ऐकलं, पर ह्यावर तिनं चौकटीला हात लावला. मी तिच्या घरचा फराळ खाऊन, त्याच हातानं तिच्या नवऱ्याची दाढी करून येत हुतो. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली आणि मला वाटलं आता थोबाडीत देणार, द्यावी, बरं वाटंल. दिली न्हाई.

ती आत आली. ऋतूजवळ गेली, आणि हिरव्या पदराचं टोक घेऊन त्येच्या मिशीवरचा साबण पुसला. हळू पुसला, दोन्ही बाजूनं, लहान पोराचं नाक पुसावं तसा. मिशी पुन्यांदा काळी झाली.

"ही ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ह्येचा बाप जित्ता हाय. नवरा म्येलाय तो माझा."

ऋतूनं तिचा हात धरला. म्हणला, आई, मग घाटावर जाऊया नगो, घरला चल. ती म्हणाली, का नगो? भटजी आलाय, पळसाची पानं आणल्यात, लाकडं आणल्यात. तुला जायचं कारण न्हाई. त्या पानांच्या माणसाला मी अग्नी देते आणि पाणी बी मीच सोडते. भटजी न्हाई म्हणला तर त्येला मी बघून घेते. तिनं गळ्यातलं डोरलं डोक्यावरनं काढलं आणि पिशवीत टाकलं, बाजाराला जाताना किल्ली टाकावी तसं. चुडा आणि गजरा तसाच ठिवला. कुंकू बी तसंच.

मी म्हणलं, वैनी, मी येतो संगं. माझ्या तोंडातनं निघून गेलं. ती दारातनं मागं वळली.

"तुमी येऊ नगा," ती म्हणाली. आवाज चढवला न्हाई. "परत गगनबावड्याला गेलासा, तर त्येला येवढा निरोप सांगा. सर्वपित्रीला आक्कानं पाणी सोडलंय म्हणावं. आता बिनघोर ऱ्हा."

आणि गेली. घाटाच्या रस्त्यानं, एकटी, भराभरा. मी दारात हुतो, ती दिसंनाशी हुईपतूर. तिनं मला भावजी म्हणलं न्हाई, आणि आता कधी म्हणणार बी न्हाई, ही मला तितंच कळलं.

आत आलो तर ऋतूच्या तोंडावरचा साबण वाळून पापडी झालीती. असल्या तोंडावर वस्तरा चालत न्हाई, पुन्यांदा पैल्यापासनं करावं लागतंय. मी पाणी तापवलं, टावेल बुडवला, पिळला आणि त्येच्याकडं वळलो. त्यानं माझ्या हातातला टावेल काढून घेतला. सोताच तोंडाला लावला, सोताच धरून बसला. मग सोताच वाटीतला ब्रश घेतला. मी म्हणलं, ऋतू, मी करतो की. त्यानं साबण लावला, मिशी सोडून, वस्तरा उचलला आणि आरशात बघत दाढी करायला लागला. हनवटीखाली त्येला जमंना. रगात आलं. मी तुरटी घेऊन उभा हुतो, त्यानं हात फुडं केला न्हाई, आणि चाळीस वर्सांत पैल्यांदा माझ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक कापलेल्या गळ्यानं उठून गेलं.